‘वाय’ लिहिले, ‘एम’ झाले : कॉन्फिगरेशनमधील आडव्या येणाऱ्या पर्यायांविषयी वाचकांचे प्रश्न

लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः बांधण्याविषयी या सदरात लिहिल्यापासून आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत दिसते : एखादा पर्याय चालू करावा तर होत नाही, बंद करावा तर होत नाही, आणि साधन कारण सांगत नाही. त्यातील पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. चौथे पत्र असे साधन स्वतः लिहिणाऱ्यांकडून आले आहे, म्हणून त्याला जागा अधिक दिली आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पेनड्राइव्हवरून थेट सुरू होणारा, इनिटरामएफएस (सुरुवातीला मेमरीत उतरणारी छोटी फाइल सिस्टिम) नसलेला कर्नल मला बांधायचा आहे. त्यासाठी यूएसबी स्टोरेजचा ड्रायव्हर मॉड्यूल (गरजेनुसार नंतर आत घेतला जाणारा वेगळा तुकडा) म्हणून न ठेवता कर्नलमध्येच घ्यावा लागतो असे कळले, म्हणून निवडलेले पर्याय नोंदवणारी डॉट कॉन्फिग फाइल एडिटरमध्ये उघडून त्या ओळीतला ‘एम’ खोडला आणि ‘वाय’ लिहिला. कर्नल बांधणारी मेक ही आज्ञा चालवून फाइल पुन्हा पाहिली तर तिथे ‘एम’च होता. असे तीनदा झाले. माझे काय चुकते आहे? — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : टायपिंग चुकलेले नाही. डॉट कॉन्फिग फाइलमध्ये लिहिले म्हणजे हुकूम सुटला, असे आपण धरून चालतो. वास्तविक तो केवळ अर्ज असतो. मेक सुरू होताच केकॉन्फिग ही यंत्रणा ती फाइल वाचते, प्रत्येक पर्यायासाठी तुम्ही काय मागितले आहे आणि बाकीच्या पर्यायांमुळे त्याला जास्तीत जास्त काय मिळू शकते हे ताडून पाहते, आणि दोहोंपैकी जे कमी असेल ते पदरात टाकते. तुमचा अर्ज अंशतः मंजूर झाला, पण तसे तुम्हाला कोणी कळवले नाही.

‘कमी’ हा शब्द येथे अगदी अंकगणिती अर्थाने घ्यायचा आहे. कर्नलमधील अशा पर्यायाला तीन किंमती असतात : ‘एन’ (बंद) म्हणजे 0, ‘एम’ (मॉड्यूल) म्हणजे 1 आणि ‘वाय’ (कर्नलमध्येच) म्हणजे 2. अटींमध्ये ‘आणि’ आला की दोन्ही बाजूंपैकी लहान आकडा घ्यायचा, ‘किंवा’ आला की मोठा. यूएसबी स्टोरेज हा पर्याय यूएसबीवर तर अवलंबून आहेच, शिवाय तो स्कझीवरही अवलंबून आहे. तुमच्या फाइलमध्ये यूएसबीपुढे ‘वाय’ आणि स्कझीपुढे ‘एम’ असणार. दोन आणि एक यांतील लहान आकडा एक; म्हणजे ‘एम’. स्कझी जोवर मॉड्यूल आहे तोवर त्याच्यावर उभा असलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये कायमचा बसू शकत नाही, कारण कर्नल सुरू होतेवेळी ज्याच्या फंक्शनना हाक मारायची तो भाग अजून डिस्कवरच असेल.

पेनड्राइव्हचा आणि स्कझीचा संबंध काय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, आणि या गुंत्यात बहुतेक जण अडकतात ते इथेच. स्कझी म्हणजे जुन्या सर्व्हरमधील जाड केबलच्या डिस्क, असे आपल्या डोक्यात बसलेले असते. परंतु यूएसबी साठवणुकीच्या साधनांशी होणारी बोलणी स्कझीच्याच आज्ञांमध्ये होतात. यूएसबी ही केवळ त्या वाहून नेणारी वाट आहे. पेनड्राइव्ह लावल्यावर त्याला ‘एसडीए’ किंवा ‘एसडीबी’ असे नाव मिळते, ते याच नात्यामुळे.

आता हे तुम्हाला स्वतः शोधता यायला हवे. टर्मिनलवर मेक मेन्युकॉन्फिग चालवा, तिरप्या रेघेची कळ दाबा आणि शोधाच्या चौकटीत यूएसबी अंडरस्कोअर स्टोरेज असे नाव द्या. जो पडदा उघडतो त्यावर पर्यायाची सध्याची किंमत, मेन्यूतील त्याची जागा, तो कोणत्या फाइलमध्ये लिहिलेला आहे ती ओळ आणि ‘डिपेंड्स ऑन’ या शीर्षकाखाली त्याच्या अटी मिळतात. प्रत्येक अटीपुढे चौकोनी कंसात त्या पर्यायाची आजची किंमत असते. ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जायचे आणि ‘वाय’ नसलेली पहिली किंमत दिसली की थांबायचे. तुमची वाट अडवणारा तोच. तुमच्या बाबतीत तो स्कझी आहे.

येथे मेन्युकॉन्फिगविषयी माझी एक जुनी तक्रार नोंदवतो. फाइल हाताने न बदलता तुम्ही मेन्यूमध्ये त्या ओळीवर जाऊन वायची कळ दाबली असती, तर एक छोटी चौकट उघडली असती. तिच्यातील मजकुराचा आशय असा : हे वैशिष्ट्य दुसऱ्या एका वैशिष्ट्यावर अवलंबून आहे, ते मॉड्यूल म्हणून ठेवलेले आहे, म्हणून हेही मॉड्यूल म्हणूनच बांधले जाईल. वाक्य शंभर टक्के खरे आहे, पण ‘दुसरे एक’ म्हणजे कोणते, हे ते सांगत नाही. कार्यालयात ‘एक कागद कमी आहे’ असे सांगून खिडकी बंद करणाऱ्या कारकुनाची आठवण व्हावी, असा हा प्रकार आहे. नाव त्या साधनाला ठाऊक असते. ते शोधण्यासाठी तिरप्या रेघेची कळ दाबण्याचे कष्ट मात्र आपल्यालाच घ्यावे लागतात.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली अशी की स्कझी ‘वाय’ करायचा आणि मग यूएसबी स्टोरेज ‘वाय’ करायचा. मात्र तेवढ्याने पेनड्राइव्हवरून कर्नल सुरू होणार नाही. स्कझी डिस्क सपोर्ट हा वेगळा पर्याय आहे आणि तो नसेल तर आज्ञा जातील पण डिस्क म्हणून काही दिसणार नाही. तुमच्या यूएसबी पोर्टचा होस्ट कंट्रोलर, म्हणजे आजच्या संगणकांवर बहुधा एक्सएचसीआय, आणि पेनड्राइव्हवरील फाइल सिस्टिम, समजा ईएक्सटी-4, हेही आतच असायला हवेत. यांपैकी एकही मॉड्यूल राहिला तर रूट फाइल सिस्टिम माउंट करता आली नाही असा संदेश पडद्यावर येऊन कर्नल जागच्या जागी थांबेल. हे सर्व जमल्यावरही तो संदेश आला, तर कर्नलला सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या ओळीत ‘रूटवेट’ हा शब्द घाला. यूएसबीवरील साधन ओळखण्यास थोडा वेळ लागतो आणि हा शब्द नसल्यास कर्नल त्याची वाट पाहत नाही. दुसरी वाट अशी की सर्व मॉड्यूल आहेत तसे ठेवायचे आणि ते सोबत नेणारी इनिटरामएफएस बनवायची. बहुतेक लिनक्स वितरणे हेच करतात. तुम्हाला ती नकोच आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून पहिली वाट. पण वाट एकच होती असे समजू नका.

फाइल हाताने बदलायचीच असेल तर बदलल्यानंतर मेक ओल्डडेफकॉन्फिग (अटी लावून फाइल नव्याने लिहिणारी आज्ञा) चालवा आणि मग कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधील डिफकॉन्फिग ही स्क्रिप्ट चालवा. काहीही न सांगता चालवली तर ती आधीची जपून ठेवलेली प्रत आणि नवी फाइल यांतील फरक दाखवते. तुम्ही मागितलेले कोठे गळाले, हे तिथे दोन ओळींत कळते.

प्रश्न : काही लपलेले पर्याय दिसावेत म्हणून मी ‘एक्स्पर्ट’ हा पर्याय चालू केला. तेव्हापासून ‘कर्नल डीबगिंग’ आपोआप चालू झाले आहे आणि बंद होत नाही. त्याच्यापुढे नेहमीच्या चौकोनी कंसांऐवजी दोन आडव्या रेघा आणि मध्ये तारा दिसतो. माझा कर्नल यामुळे मंद होईल का? — नाशिकहून

उत्तर : मेन्युकॉन्फिगमध्ये कंसांचा आकार हीच एक भाषा आहे, पण ती शिकवण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. चौकोनी कंस म्हणजे चालू किंवा बंद. टोकदार कंस म्हणजे चालू, मॉड्यूल किंवा बंद. महिरपी कंस म्हणजे दुसऱ्या कोणीतरी याला धरून ठेवले आहे, तेव्हा मॉड्यूल किंवा चालू एवढेच तुमच्या हाती. आणि दोन आडव्या रेघा म्हणजे तुमच्या हाती काहीच नाही. मागच्या उत्तरातील स्कझी खालून पाय ओढत होता; येथे वरून कोणीतरी हात धरला आहे. केकॉन्फिगच्या भाषेत पहिल्याला ‘डिपेंड्स ऑन’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘सिलेक्ट’. शोधाच्या त्याच पडद्यावर ‘सिलेक्टेड बाय’ या शीर्षकाखाली हात धरणाऱ्याचे नाव मिळते, आणि तुमच्या बाबतीत ते अर्थातच एक्स्पर्ट आहे.

मंद होण्याची भीती नको. कर्नल डीबगिंग हा पर्याय मुख्यतः इतर डीबग पर्यायांचे दार उघडतो. खरा भार त्या दारापलीकडील पर्यायांचा असतो. पूर्वी मात्र काही ठिकाणी या पर्यायाकडे पाहून थोडा कोड प्रत्यक्ष आत घेतला जात असे आणि केवळ एक्स्पर्ट हवा असलेल्यांना तो विनाकारण मिळत असे. 2019 साली त्यासाठी ‘मिसलेनियस डीबग कोड’ असा निराळा पर्याय काढण्यात आला. तो तुम्हाला बंद करता येतो. कर्नल डीबगिंगबरोबर तो आपोआप चालू झालेला असतो, एवढे पाहून घ्या.

आणि केवळ लपलेले पर्याय पाहायचे असतील, बदलायचे नसतील, तर त्यासाठी एक्स्पर्टची गरज नाही. मेन्युकॉन्फिगमध्ये झेडची कळ दाबली की अटी पूर्ण न झालेले पर्यायही दिसू लागतात.

प्रश्न : आमच्या सेन्सरसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरच्या केकॉन्फिग फाइलमध्ये मी ‘सिलेक्ट रेगमॅप आय-टू-सी’ असे लिहिले. काही सहकाऱ्यांच्या संगणकावर ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ असा इशारा येतो, माझ्याकडे येत नाही. दुर्लक्ष करावे का? — पिंपरी-चिंचवड

उत्तर : करू नये. सिलेक्ट हा शब्द समोरच्या पर्यायाला चालू करतो, पण त्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी पूर्ण झाल्या आहेत की नाहीत हे पाहत नाही. रेगमॅप आय-टू-सी (चिपचे रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची सोय) हा आय-टू-सीवर, म्हणजे चिप जोडणाऱ्या दोन तारांच्या वाटेच्या पर्यायावर, अवलंबून आहे. तुमच्या संगणकावर आय-टू-सी आधीपासून चालू आहे म्हणून सारे सुरळीत. सहकाऱ्याकडे तो बंद आहे, आणि तरी तुमच्या ड्रायव्हरने रेगमॅपला ओढून उभे केले. इशारा आज आला आहे, पुढच्या पायरीवर लिंकरची, म्हणजे बांधलेले तुकडे जोडतानाची, चूक येईल. ड्रायव्हरच्या नोंदीत आय-टू-सीसाठी ‘डिपेंड्स ऑन’ची ओळ घाला आणि रेगमॅपचे सिलेक्ट तसेच राहू द्या. कर्नलच्या दस्तऐवजातील सल्लाही हाच आहे : सिलेक्ट हे ज्यांना मेन्यूत स्वतःची ओळ नाही किंवा ज्यांच्या स्वतःच्या काही अटी नाहीत अशा पर्यायांसाठीच राखून ठेवावे. आय-टू-सीलाच सिलेक्ट करून टाकावे असा मोह होईल. तो टाळा, वापरकर्त्याने जाणूनबुजून बंद केलेली गोष्ट त्याला न विचारता चालू करणे हे ड्रायव्हरचे काम नव्हे.

प्रश्न : आमची कंपनी कारखान्यांतील यंत्रांवरून माहिती गोळा करणारी छोटी उपकरणे बनवते. उपकरण कसे चालावे हे ठरवण्यासाठी आम्ही एक साधन दिले आहे; त्यात सुमारे 300 पर्याय आहेत आणि त्यांच्यात बऱ्याच अटी आहेत. अट मोडली की आमचे साधन लाल अक्षरांत ‘अवैध कॉन्फिगरेशन’ असे दाखवते आणि जतन करू देत नाही. मग ग्राहक फोन करतो. आमच्यातील एका गटाचे म्हणणे असे की साधनानेच सर्व आपोआप दुरुस्त करून टाकावे. आपले मत काय? — पुण्यातील एक विकसक

उत्तर : आपोआप दुरुस्तीला माझा विरोध आहे, आणि नुसत्या लाल अक्षरांना तर त्याहून जास्त. दोन्हींच्या मधली वाट लांबची आहे, पण ती पूर्वी चोखाळली गेली आहे, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

एरिक रेमंड यांनी 2000 साली लिनक्स कर्नलसाठी सीएमएल-2 या नावाची नवी कॉन्फिगरेशन यंत्रणा पुढे आणली. एका निवडीतून दुसरीवर काय परिणाम होतो याचा तर्क ती स्वतः चालवत असे आणि विसंगत स्थितीत वापरकर्ता पोहोचूच नये असा तिचा प्रयत्न होता. ती पायथॉनमध्ये लिहिलेली होती, आणि कर्नल बांधण्यासाठी पायथॉन लागावा हे अनेकांना पटले नाही. बदलाचा एकदम मोठा घासही घशाखाली उतरला नाही. अखेर 2002 साली 2.5.45 या आवृत्तीत रोमन झिपेल यांचे केकॉन्फिग आले, आणि आजही तेच आहे. ते साधे, जलद आणि टिकाऊ निघाले. विसंगती सोडवण्याचे काम मात्र त्याने वापरकर्त्यावर सोडले. वरच्या तीन पत्रांचे मूळ तिथे आहे.

त्याच काळात ईकॉस या लहान उपकरणांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमने वेगळा मार्ग धरला. तिच्या साधनात विसंगतींची यादी दिसे आणि प्रत्येकीसाठी साधन स्वतः एक तोड सुचवी. ‘एक’ हाच त्यातला कच्चा दुवा होता. झिऑंग यिंगफेई, आर्नो ह्यूबो, स्टीव्हन शी आणि क्रिस्टॉफ चार्नेत्स्की यांनी 2012 साली मांडलेल्या शोधनिबंधात नेमके याच ठिकाणी बोट ठेवले : एकच तोड देणारे साधन वापरकर्त्याला हवी असलेली तोड बहुधा हुकवते, आणि आकड्यांच्या अटी आल्या की अशी बरीच साधने गडबडतात. त्यांनी सुचवलेल्या उपायाला ते ‘रेंज फिक्स’ म्हणतात. कोणते पर्याय बदलावेत आणि प्रत्येकाची किंमत कोणत्या मर्यादेत असावी, एवढेच साधनाने सांगायचे; मर्यादेतील नेमका आकडा वापरकर्ता ठरवेल.

तुमच्या धंद्यातले उदाहरण घेऊ. बफरची संख्या 40, प्रत्येकाचा आकार 2,048 बाइट आणि बफरसाठी राखलेली मेमरी 65,536 बाइट. गुणाकार 81,920 होतो आणि अट मोडते. आपोआप दुरुस्त करणारे साधन येथे काहीतरी एक उचलून कापेल. समजा, संख्या 32 करून मोकळे होईल. मर्यादा सांगणारे साधन तीन वाटा दाखवेल : संख्या 32 किंवा त्याहून कमी, किंवा आकार 1,638 किंवा त्याहून कमी, किंवा मेमरी 81,920 किंवा त्याहून अधिक. कोणाला संख्येशी देणेघेणे नसते, कोणाला आकार हलवता येत नाही कारण पलीकडच्या यंत्राचा संदेशच तेवढा मोठा असतो. ते साधनाला कळण्याचा काही मार्ग नाही. ग्राहकाला ते ठाऊक असते.

आता गुंता वाढवू. आणखी दोन अटी आहेत असे धरा : आकार 512 च्या पटीत हवा, आणि प्रत्येक सेन्सरला किमान एक बफर हवा. ग्राहकाने सेन्सर 36 लावले आहेत. मग संख्या 32 करण्याची पहिली तोड एक अट जोडते आणि दुसरी मोडते. येथे तीन धोरणे संभवतात आणि त्या निबंधात तिन्ही तपासलेली आहेत. पहिले, इतर अटींकडे पाहायचेच नाही. यादी लवकर मिळते, पण ग्राहक एका लाल ओळीतून दुसरीत जातो. दुसरे, नवी अट मोडणारी तोड यादीतून काढून टाकायची. म्हणजे संख्येची तोड गायब होईल आणि आकाराच्या तोडीची मर्यादा 512 च्या पटीमुळे 1,536 वर येईल. तिसरे, परिणाम पुढे नेत राहायचे, म्हणजे ‘संख्या 32 किंवा कमी आणि सेन्सर संख्येहून अधिक नकोत’ अशी जोडतोड दाखवायची. माझा कौल तिसऱ्याला आहे. चार सेन्सर काढून टाकणे हा कोणाला वेडगळ उपाय वाटेल, पण मागच्या वर्षी बंद पडलेल्या यंत्राचे चार सेन्सर यादीत तसेच राहून गेले असतील, तर हीच तोड सर्वांत बरोबर आहे, आणि दुसऱ्या धोरणाने ती ग्राहकाच्या नजरेआड केली असती.

आपोआप दुरुस्तीला विरोध का, हे अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक लहानसे पॅकेज बसवत होतो. पॅकेज व्यवस्थापकाने संघर्ष सोडवण्यासाठी स्वतःच तोड काढली, काढून टाकायच्या पॅकेजांची लांबलचक यादी दाखवली आणि पुढे जाऊ का असे विचारले. यादी वाचायचा कंटाळा करून मी होकार दिला. संगणक पुन्हा सुरू केला तेव्हा डेस्कटॉप नव्हता. काळ्या पडद्यावर लॉगिनची एक ओळ होती. गणिताच्या दृष्टीने ती तोड निर्दोष होती, एकही अट मोडलेली नव्हती. डेस्कटॉप मला किती प्रिय आहे, हा प्रश्न फक्त त्या गणितात कोठे नव्हता.

म्हणून साधनात ‘हे हलवायचे नाही’ अशी खूण करण्याची सोय ठेवा. पर्यायापुढे कुलपाचे छोटे चित्र पुरते. कुलूप लावलेल्या पर्यायांना हात लावणाऱ्या तोडी यादीतून आपोआप गळतात आणि यादी आटोक्यात येते. डेबियनवरील ॲप्टिट्यूड हे पॅकेज व्यवस्थापक याच जातीची सोय देते : त्याने सुचवलेल्या तोडीतील एखादी कृती नाकारता येते किंवा पक्की करता येते, आणि ते पुढची तोड शोधते. आणखी एक गोष्ट कामाची ठरेल. ग्राहकाने स्वतः निवडलेली किंमत आणि कारखान्यातून येताना असलेली मूळ किंमत यांची नोंद वेगवेगळी ठेवा. ज्या तोडींत फक्त मूळ किंमती बदलतात त्या वर दाखवा; माणसाने विचारपूर्वक निवडलेले बदलायला लावणाऱ्या तोडी खाली.

संदेशाची भाषाही बदला. ‘अवैध कॉन्फिगरेशन’च्या जागी असे लिहिता येईल : ‘40 बफर गुणिले 2,048 बाइट म्हणजे 81,920 बाइट होतात, राखलेली मेमरी 65,536 बाइट आहे. खालीलपैकी एक बदला.’ आणि जतन करण्याची मनाई उठवा. अर्धवट कॉन्फिगरेशन मसुदा म्हणून जतन होऊ द्या, उपकरणावर पाठवताना मात्र अडवा. दुपारच्या पाळीतील माणसाने आकडे भरावेत आणि मेमरी वाढवायची की नाही हे साहेबांनी सकाळी ठरवावे, हे कारखान्यात रोज घडते.

हे सारे चालवायला संगणक पुरे पडेल का, अशी शंका तुमच्या गटात निघेल. अटी पूर्ण करणारी निवड शोधणे हा तत्त्वतः अवघड प्रश्न आहे. स्टीफन कुक यांनी 1971 साली एनपी-कम्प्लीट (ज्यासाठी नेहमी जलद चालणारी रीत अजून सापडलेली नाही असा) ठरवलेला प्रश्न तो हाच. पण व्यवहारात आजचे सॅट सॉल्व्हर, म्हणजे अशी निवड शोधणारे प्रोग्रॅम, कर्नलच्या हजारो पर्यायांनाही दाद देत नाहीत, तुमचे 300 तर किरकोळ आहेत. 2021 साली थॉर्स्टन बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकोसॅट हा सॉल्व्हर केकॉन्फिगला जोडून विसंगतींवर तोडी सुचवणारा बदल कर्नलच्या विकसकांपुढे ठेवला होता. आकड्यांच्या अटींसाठी तुम्हाला सॅटऐवजी एसएमटी जातीचा, म्हणजे आकड्यांचे गणितही समजणारा, सॉल्व्हर घ्यावा लागेल. गणिताची बाजू सोपी आहे. वेळ जाईल तो अटी नीट लिहून काढण्यात, कारण माझा अंदाज असा की त्यांतील निम्म्या आज कोणाच्या तरी डोक्यातच आहेत आणि त्या डोक्याचा मालक सपोर्टचे फोन घेतो. त्याला प्रकल्पात पहिल्या दिवसापासून बसवा.

प्रश्न : ईएसपी-32 या मायक्रोकंट्रोलरवर काम करताना ‘एसडीकेकॉन्फिग डॉट डिफॉल्ट्स’ या फाइलमध्ये फ्लॅशचा आकार बदलला, पण बिल्डमध्ये जुनाच आकार येतो. दोन फाइलींत संघर्ष असेल तर कोणती जिंकते? — सिंगापूर

उत्तर : येथेही आतून केकॉन्फिगच आहे. डिफॉल्ट्सची फाइल फक्त अशा पर्यायांसाठी विचारात घेतली जाते ज्यांची किंमत मुख्य ‘एसडीकेकॉन्फिग’ फाइलमध्ये अजून लिहिलेली नाही. तुम्ही एकदा बिल्ड केले त्याच क्षणी सर्व किंमती तिथे उतरल्या. त्यानंतर डिफॉल्ट्समध्ये काहीही लिहिले तरी मुख्य फाइलच जिंकते, आणि तेही मुकाट्याने. मेन्युकॉन्फिगमधून हाताने केलेले बदल गमवायचे नसतील तर आधी ‘आयडीएफ डॉट पाय सेव्ह-डेफकॉन्फिग’ चालवून ते डिफॉल्ट्सच्या फाइलमध्ये उतरवून घ्या, मग त्या फाइलमध्ये फ्लॅशचा आकार दुरुस्त करा, ‘एसडीकेकॉन्फिग’ची एक प्रत बाजूला ठेवून मूळ फाइल काढून टाका आणि पुन्हा बिल्ड करा. पार्टिशन टेबल (फ्लॅशच्या भागांची मांडणी) जुन्या आकाराला धरून मांडलेले असेल, तेव्हा आकार कमी करत असाल तर तेही त्याच बैठकीत तपासा.